सवड मिळाली की पाहू : टाळलेल्या इशाऱ्यांचे सोलापुरी अनुभव

बायबलमधील रोमी सुभेदार फेलिक्स याने आपल्या कैदेत असलेल्या प्रेषित पौलाकडून नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय यांविषयी ऐकले तेव्हा तो घाबरला, आणि तरीही सवड सापडली म्हणजे बोलावीन असे सांगून त्याने पौलाला परत पाठवले. पुढे दोन वर्षे त्याने पौलाला अनेकदा बोलावले खरे, पण ते पैसे मिळतील या आशेने. आपल्यापैकी ज्यांनी देवाच्या न्यायाचा इशारा ऐकूनही असाच पुढे ढकलला आणि नंतर कधीतरी ख्रिस्ताचे तारण स्वीकारले, त्यांनी आपली टाळाटाळ आणि तिचा शेवट प्रामाणिकपणे लिहावा. माझी अकरा वर्षांची आहे. चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी नेमके उपासनेच्या वेळी येते, हे कारण मी पाळकसाहेबांना इतक्या वेळा सांगितले की शेवटी तेच मला पाण्याच्या वेळा विचारू लागले.

निवृत्त गिरणी कामगार : पाळी सुरू होण्याआधी वाजणारा गिरणीचा भोंगा कामगाराला भिववण्यासाठी नसून फाटक बंद होण्याआधी त्याने आत यावे म्हणून असतो, हे आमच्या चाळीतल्या लहान पोरांनाही कळत असे, न्यायाविषयीचा उपदेश मात्र मी आयुष्यभर धमकी समजून ऐकला. गिरणी बंद पडली आणि भोंगा थांबला, तरी मला पहाटे पाचला जाग येतच राहिली. अशाच एका पहाटे मी, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा येशूने सांगितलेला दाखला वाचला. मूर्ख ठरलेल्या पाच जणी दुराचारी होत्या असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. त्या तेल विकत घ्यायला उशिरा गेल्या, इतकेच, आणि दार लागले. मी त्या दिवशी सायंकाळपर्यंतही थांबलो नाही.

निवृत्त शिक्षिका : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाची मिरवणूक आटोपून शहर नुकतेच झोपले असताना, मांडणीवरची भांडी खणखणत खाली आली आणि आमची सगळी गल्ली रस्त्यावर धावली. उजाडल्यावर किल्लारी आणि सास्तूरकडच्या बातम्या येऊ लागल्या. मृतांचा आकडा पुढे दहा हजारांच्या घरात गेला. भाकऱ्यांची गाठोडी बांधत असताना आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्यांनी हा त्या लोकांच्या पापाचा दंड आहे असे म्हटले, आणि माझा इतका संताप झाला की असल्या देवाशी माझा काही संबंध नाही, असे मी सर्वांसमोर बोलून गेले. पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून दिला. शिलोहातील बुरूज पडून मेलेले अठरा जण यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक दोषी होते काय, असा प्रश्न प्रभू येशू स्वतःच विचारतो, नाही असे स्वतःच उत्तर देतो, आणि मग पश्चात्तापाची गोष्ट थेट ऐकणाऱ्यांपुढे ठेवतो. मेलेल्यांचा हिशेब माझ्याकडे मागितलेलाच नव्हता. जिवंत मी होते, आणि माझ्या संतापाआड मी जे काही झाकून ठेवले होते ते मला चांगले ठाऊक होते. जो दंड मला व्हायचा तो वधस्तंभावर दुसऱ्याने सोसला, हे वाक्य मी लहानपणापासून पाठ म्हणत आले होते. त्या आठवड्यात ते मला पहिल्यांदा समजले. पुढच्या ईस्टरला मी बाप्तिस्मा घेतला.

यंत्रमाग कारखान्यातील कारकून : माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. लहानपणी मांडवातल्या सभांमध्ये नरकाच्या अग्नीचे वर्णन ऐकून मी सलग तीन वर्षे हात वर करून तारण स्वीकारले. तिन्ही वेळा ती निव्वळ भीती होती, आणि विसाव्या वर्षी भीती गेली तशी मंडळीही सुटली. परत आलो तो योनाच्या पुस्तकामुळे. चाळीस दिवसांत निनवे शहराचा नाश होईल असे सांगून आलेला संदेष्टा योना, लोकांनी पश्चात्ताप केल्यामुळे शहर वाचल्यावर रुसून बसतो. आणि देव त्याला तिथल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची, एवढेच नव्हे तर गुराढोरांचीही आठवण करून देतो. इशारा खरा ठरावा अशी इच्छा फक्त संदेष्ट्याची होती. हे मला कोणी आधी सांगितले असते तर माझी पंधरा वर्षे वाचली असती, असे मला अजूनही वाटते.

विडी कामगार भगिनी : सदोम शहराचा नाश होणार आहे, हे बायबलमधल्या लोटाचे बोलणे त्याच्या जावयांना थट्टा वाटले. माझी आई पाने कातरता कातरता न्यायाच्या दिवसाविषयी बोलायची, तेव्हा आम्ही भावंडेही हसायचो. ती गेल्यानंतर तिच्या सुपाशी बसून मी एकटीने प्रार्थना केली. भाऊ अजून हसतात, पण मी बोलणे सोडलेले नाही.

एक मुलगा : माझा स्वतःचा अनुभव साधा आहे; लिहायचे आहे ते वडिलांविषयी. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि मी विषय काढला की वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात. गेल्या रविवारी वर्तमानपत्राआडूनच त्यांनी विचारले, उपासना किती वाजता असते. मी साडेनऊ म्हणालो. त्यांनी पान उलटले आणि, पायऱ्या किती आहेत, असे विचारले.