भाकरी सोडू नका, तेल मोजा
वजन उतरवायला भाकरी बंद करून रात्री नुसतं सॅलड खायचं, हे मला अजिबात पटत नाही. ५० ग्रॅम जोंधळ्याच्या पिठाची भाकरी म्हणजे जेमतेम १७५ कॅलरी, आणि पोटाला आधार. ती काढली की रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडतोच!

कोल्हापुरात खरी गोम आहे कटात, म्हणजे मिसळीच्या झणझणीत रश्श्यात. १५ मिलि तेलात साधारण १२० कॅलरी, आणि मिसळीवर तेवढा तवंग सहज येतो. घरी चौघांना महिन्याला २ लिटर तेल वेगळं काढा, तेवढ्यातच भागवा. कमी तेलात कांदा-लसूण चटणी करपून रस्सा कडवट होतो, म्हणून ती आधी चमचाभर पाण्यात कालवून घाला. रविवारी तांबडा रस्सा खुशाल घ्या. पांढऱ्या रश्श्यात तवंग दिसत नाही, पण नारळाच्या दुधाची चरबी असतेच. तिथे वाटी एकच.