काट्याचं सॉफ्टवेअर ईआरपीला जोडायचंय: वेब सर्व्हिस की मेसेज क्यू?

यार्डातला_कोडवाला
साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सी-शार्पमधलं ॲप्लिकेशन आहे, खाली एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस. हिशेबाचा ईआरपी (सगळ्या कारखान्याच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर) मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवर. काटे ३, गाळप रोज ५,००० टनांच्या आसपास. कामं तीन: गाडी आली की शेतकऱ्याचा कोड आणि तोडणी चिठ्ठी ईआरपीत तपासायची, भरलेलं आणि रिकामं वजन ईआरपीला पाठवायचं, आणि शेतकऱ्याला वजनाचा एसएमएस. यार्ड ते ऑफिस लाइन दिवसातून दोन-चारदा जाते, कधी अर्धा तास येत नाही. एक मत असं की सगळं रेस्ट एपीआयवर (विचारलं की तिथल्या तिथे उत्तर देणारी वेब सर्व्हिस) करा, दुसरं म्हणतं सगळं रॅबिट एमक्यूवर (मेसेज रांगेत साठवून पुढे पोचवणारी मेसेज क्यू) टाका. सर्व्हर सांभाळायला माणसं दोनच. काय करावं?

नेटवर्क_नाना
तिन्ही कामांना एकच औषध कशाला? चिठ्ठी तपासताना गाडी काट्यावर उभी असते, ऑपरेटरला उत्तर तिथल्या तिथे हवं. तिथे वेब सर्व्हिसच. एका क्यूवर प्रश्न टाकून दुसऱ्या क्यूवर कोरिलेशन आयडीने (प्रश्न-उत्तराची जोडी जुळवणारा क्रमांक) उत्तर शोधता येतं, पण वाट बघणं काही चुकत नाही, वर आणखी दोन गोष्टी बिघडायला मिळतात.

टाइमआउट मात्र स्वतः ठरवा. डॉटनेटच्या एचटीटीपीक्लायंटला काही सांगितलं नाही तर तो १०० सेकंद थांबतो. २ सेकंदांवर आणा, नाहीतर क्यू लागेल ती ट्रॅक्टरांची. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर रात्री काट्याच्या पीसीवर उतरवून ठेवलेल्या यादीत बघा आणि नोंदीवर ‘ऑफलाइन तपासणी’ अशी खूण करा. लाइन आली की तेवढ्याच नोंदी पुन्हा तपासायच्या.

वजनाचं उलट. ईआरपी काय म्हणतो यासाठी काटा थांबवायचं कारण नाही, पण नोंद हरवूनही चालणार नाही. ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) द्यायची असते आणि ती याच वजनावर निघते. तिथे क्यू. एसएमएसलाही क्यू.

डेडलेटर_सांगली
नानांशी सहमत, पण क्यू ठेवणार कुठे? रॅबिट ऑफिसात असेल आणि तुटणार यार्डाची लाइन, तर ऐन वेळी क्यूपर्यंत पोचताच येणार नाही. म्हणून काट्याच्या डेटाबेसमध्येच आउटबॉक्स टेबल (पाठवायच्या नोंदींची यादी) करा. वजनाची नोंद आणि आउटबॉक्सची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पडली पाहिजे, म्हणजे पडल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. एक छोटी विंडोज सर्व्हिस दर ५ सेकंदांनी न गेलेल्या ओळी उचलेल, रॅबिटला पाठवेल आणि पब्लिशर कन्फर्म (रॅबिटकडून ‘मिळाला’ अशी पोच) आल्यावरच ‘गेली’ म्हणून खूण करेल.

कन्फर्म आला आणि खूण करायच्या आत वीज गेली, तर तीच नोंद दुसऱ्यांदा जाणार. हे टळत नाही, पचवावं लागतं. ईआरपीच्या बाजूला हंगाम + काटा क्रमांक + पावती क्रमांक + वजनाचा प्रकार यांवर युनिक बंधन घाला. हंगाम विसरू नका, पावती क्रमांक पुढच्या गाळपाला परत १ पासून सुरू होत असेल तर जुन्या नोंदींशी टक्कर होईल. तीच नोंद पुन्हा आली तर एरर न देता ॲक करून (क्यूला ‘काम झालं’ कळवून) मोकळं व्हायचं.

रॅबिटमध्ये क्यू ड्युरेबल (रीस्टार्टनंतर टिकणारी) केली म्हणजे झालं असं वाटतं. तसं नाही. मेसेजही पर्सिस्टंट (डिस्कवर लिहिला जाणारा) पाठवावा लागतो, नाहीतर रीस्टार्टनंतर क्यू राहील पण रिकामी. ऑटो-ॲक (मेसेज हातात पडताच आपोआप ॲक) बंद ठेवा, ॲक ईआरपीचा कमिट झाल्यावरच. प्रीफेच (ॲक न करता एका वेळी उचलायचे मेसेज) १०-२० पुरे. सदोष मेसेज नॅक करून (नाकारून) परत त्याच क्यूत टाकलात तर तो गरगर फिरत राहतो. रॅबिटच्या आवृत्ती ४.० पासून कोरम क्यूत (अनेक सर्व्हरवर प्रती ठेवू शकणारी क्यू) २० वेळांची मर्यादा मुळातच आहे, पण डेड लेटर एक्स्चेंज (असे मेसेज वेगळ्या क्यूत वळवणारी सोय) लावलं नसेल तर मर्यादा संपल्यावर मेसेज सरळ फेकला जातो. ते लावा, आणि त्या क्यूकडे रोज कोण बघणार हेही ठरवा.

साधंसोपं_आर्किटेक्चर
हिशेब करा. गाडीमागे १५ टन धरले तर ५,००० टनांना साधारण ३३५ गाड्या, प्रत्येकी दोन वजनं, म्हणजे दिवसाला ६७० मेसेज. मिनिटाला एकही पडत नाही. एवढ्यासाठी दोन माणसांच्या गळ्यात ब्रोकर (रॅबिटसारखा मधला सर्व्हर) कशाला? तोही पाळावा लागतो: अपग्रेड, डिस्क, मेमरी. मेमरीचा किंवा डिस्कचा अलार्म वाजला की रॅबिट पाठवणाऱ्याला एरर देत नाही, नुसता रोखून धरतो. सर्व्हिस चालू दिसते आणि जात काहीच नाही.

वर सांगितलेला आउटबॉक्स हीच तुमची क्यू. तो वाचून ईआरपीच्या एपीआयला पुट करा (दिलेल्या पत्त्यावर नोंद ठेवणारी वेब विनंती), यूआरएलमध्ये तीच चार भागांची किल्ली. पहिल्यांदा उत्तर २०१ (नवी नोंद झाली), पुन्हा आली तर २०० (ठीक). टाइमआउट, ४२९ (फार विनंत्या) किंवा ५०० च्या घरातलं (सर्व्हरची चूक) उत्तर आलं तर वाढत्या अंतराने पुन्हा: ५, १०, २० सेकंद, कमाल ५ मिनिटं. बाकी ४०० च्या घरातलं (पाठवलेल्या विनंतीतच चूक) काही आलं तर ओळ बाजूला काढून माणसाला दाखवा. सगळ्यात जुनी न गेलेली ओळ ४५ मिनिटांहून जुनी झाली की अलार्म. अर्ध्या तासाला ठेवलात तर रोज उगाच वाजेल.

उद्या तेच वजन शेतकी विभाग, वाहतूक बिलं आणि मोबाइल ॲप अशा चौघांना हवं झालं, तर ब्रोकर आणा. आउटबॉक्स तोच राहील, फक्त पाठवायचं ठिकाण बदलेल. काफ्काचं (प्रचंड मेसेजसाठीची मोठी यंत्रणा) नावही काढू नका.

यार्डातला_कोडवाला
पटलं, आउटबॉक्स आणि पुट. एक शंका: भरलेलं वजन अडकून राहिलं आणि रिकामं आधी पोचलं तर? एसएमएसही याच आउटबॉक्समधून पाठवू का?

डेडलेटर_सांगली
क्रमावर विसंबूच नका. दोन्ही वजनं ईआरपीत वेगळ्या रकान्यांत जाऊ द्या, निव्वळ वजन दोन्ही आल्यावरच काढा. वेळ काट्यावर वजन झालं ती पाठवा, ईआरपीत पोचली ती नको. नाहीतर अर्धा तास लाइन गेली की रात्री १२ च्या आसपासच्या गाड्या दुसऱ्या दिवसाच्या गाळपात जातील. तिन्ही पीसींची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) जुळवलेली हवीत.

एसएमएस काट्यावरून नको. निव्वळ वजन निघाल्यावर ईआरपीकडून पाठवा, वेगळ्या टेबलातून. गेटवे अडला म्हणून वजनं अडता कामा नयेत. डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे मजकूर आधी नोंदवायची टेलिकॉम यंत्रणा) मंजूर टेम्प्लेटशी मजकूर जुळला नाही तर पुन्हा पाठवून उपयोग नाही, ती ओळ थेट बाजूला. आणि ६ तासांपेक्षा जुना एसएमएस रद्दच करा. पहाटे ३ ला काल दुपारच्या वजनाचा मेसेज आला की शेतकरी सकाळी शेतकी ऑफिसात येतो.