किपू: इंकांच्या गाठी मारलेल्या दोऱ्या खरंच वाचता येतात का?

भटका_जीव
मंडळी, एक शंका आहे, जाणकारांनी जरा उजेड पाडा. परवा रात्री पेरूवरचे व्हिडिओ बघत बसलो होतो, त्यात एक जण छातीठोकपणे सांगतो की इंका लोकांना लिपीच नव्हती, आणि लगेच पुढच्या व्हिडिओत दुसरा सांगतो की त्यांची लिपी दोऱ्यांमध्ये होती आणि हार्वर्डच्या एका पोरानं कॉलेजात असतानाच ती फोडली. दोन्ही एकदम कसं खरं असेल? किपू म्हणजे एक जाड आडवी दोरी आणि तिला लटकवलेल्या गाठी मारलेल्या बारीक दोऱ्या, इथपर्यंत मला समजलंय. पण अँडीजमधलं एवढं मोठं राज्य, रस्ते, कोठारं, सैन्य सगळं सांभाळायचं म्हणजे नुसत्या आकड्यांवर कसं भागेल? अभ्यासक आज नक्की कुठवर पोचलेत आणि कसे पोचलेत, हे कुणी नीट सांगेल का. 'प्राचीन रहस्य उलगडले' छाप उत्तरं नकोत, ती यूट्यूबवर ढिगानं आहेत.

ताळेबंद
आकडे वाचता येतात, त्याबद्दल आता वाद राहिलेला नाही. आणि हे आजचं नाही, १९१२ मध्येच लेलँड लॉक नावाच्या ब्रुकलिनच्या गणित शिकवणाऱ्या माणसानं न्यूयॉर्कच्या म्युझियममधले किपू तपासून हे दाखवून दिलं होतं. पद्धत आपल्यासारखीच दशमान. समजा ३५२ नोंदवायचेत, तर जाड दोरीच्या सगळ्यात जवळ तीन साध्या गाठी (शतक), मग थोडी जागा सोडून पाच साध्या गाठी (दशक), आणि खाली शेवटी एकच लांबट गाठ जिच्यात दोन वेढे दिलेत (एकक). एककाची गाठ मुद्दाम वेगळी, म्हणजे आकडा कुठे संपला ते बोटाला लगेच कळतं. एककात १ असेल तर मात्र इंग्रजी आठच्या आकाराची गाठ, कारण लांब गाठीला एकच वेढा दिला तर ती साधी गाठच होते. शून्य असेल तर तिथे काही नाही, जागा मोकळी.

आता हे कशावरून, उगाच कुणाच्या डोक्यातून आलं नसेल कशावरून, असं कुणीही विचारेल. तर बेरजेवरून. काही किपूंवर दोऱ्यांच्या गटाला एक वेगळी दोरी जोडलेली असते, ती उलट्या दिशेला वर जाते, आणि तिच्यावरचा आकडा म्हणजे त्या गटाची बेरीज निघते. वाण्याच्या वहीत पानाच्या तळाशी बेरीज असते ना, तसंच, फक्त इथे ती वर आहे. एकदा जुळली तर योगायोग म्हणाल, पण गटामागून गट जुळत गेल्यावर काय म्हणणार.

लॉकनंतर बराच काळ फारसं कुणी हात लावला नाही, मग ७०च्या दशकात मार्शिया आणि रॉबर्ट अ‍ॅशर या जोडप्यानं (ती गणिताची, तो मानववंशशास्त्राचा) म्युझियमं पालथी घालून एकेका किपूची दोरीन् दोरी मोजून, रंग आणि गाठींची अंतरं टिपून छापली. अत्यंत किचकट आणि कंटाळवाणं काम, पण आज कॉम्प्युटरवर जे काही चालतं त्याचा पाया तोच. २००५ मध्ये गॅरी अर्टन आणि कॅरी ब्रेझिन या अभ्यासकांनी पेरूची राजधानी लिमाजवळच्या पुरुचुकोच्या किपूंवर दाखवलं की खालच्या पातळीच्या किपूंमधल्या बेरजा वरच्या पातळीच्या किपूत जशाच्या तशा चढवल्या आहेत. म्हणजे गावाचा हिशेब तालुक्याला आणि तालुक्याचा जिल्ह्याला म्हणा हवं तर. मी दिवसभर हेच करतो त्यामुळे वाचून फार बरं वाटलं :)

खवचट_खंडू
मग झालं की. हिशेबनीस होते, लेखक नव्हते. ह्याला लिपी म्हणायचं तर माझ्या दूधवाल्याचं कॅलेंडरपण ग्रंथ आहे.

ताळेबंद
खंडूशेठ, थांबा जरा. १५६१ मध्ये पेरूतल्या हाउहा भागातले वांका जमातीचे सरदार लिमाच्या स्पॅनिश कोर्टात किपू घेऊन गेले. इंकांचं राज्य जिंकणारा स्पॅनिश सरदार पिझारो आल्यापासून आम्ही स्पॅनिश लोकांना काय काय दिलं आणि त्यांनी वर लुटून काय नेलं, लामा (उंटाच्या कुळातलं तिकडचं जनावर), मका, कापड, भांडी, माणसं, सगळं वर्षावार वाचून दाखवलं आणि कोर्टानं ते कागदावर उतरवून घेतलं. इतक्या वर्षांचा हिशेब, तोही विरुद्ध पक्षाच्या कोर्टात. आता त्यात 'दिलेलं' आणि 'लुटलेलं' हे वेगळं दाखवता येत होतं, म्हणजे नुसते आकडे नसणार, कशाचा आकडा हेही कुठेतरी होतंच. दोरीच्या रंगात, जागेत, की वाचणाऱ्याच्या डोक्यात, भांडण आहे ते इथे. आणि पुढे १५८३ च्या लिमाच्या चर्च परिषदेनं जुन्या धर्माशी संबंधित किपू नष्ट करायचा हुकूम काढला. नुसता दुधाचा हिशेब कुणी जाळायला सांगत नाही.

मागावरची
मी हातमागावर काम करते म्हणून हा धागा उघडला. गाठींवर एवढं बोलणं झालं पण पिळाबद्दल कुणीच काही बोललं नाही! दोरीला पीळ डावा की उजवा, गाठ कोणत्या बाजूनं मारली, लटकती दोरी मुख्य दोरीला पुढून अडकवली की मागून, हे विणणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं आपोआप होत नाही, ते ठरवून करावं लागतं. हाताला उजव्या पिळाची सवय असताना मध्येच डावा पीळ दिसला तर समजायचं की कुणाला तरी काही सांगायचंय. वर्षानुवर्षं अभ्यासकांनी गाठी मोजल्या आणि पीळ सोडून दिला, कारण बहुतेक मंडळी गणिताकडून आलेली, सुताकडून नाही. (ताळेबंद, राग मानू नका.)

सबीन हायलंड नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांना २०१५ मध्ये पेरूत सान हुआन दे कोयाता या डोंगरातल्या गावानं आपले दोन किपू बघू दिले. लाकडी पेटीत ठेवलेले, गावातल्या पंचांच्या ताब्यात, बाहेरच्याला दाखवत नाहीत. दोन्ही मिळून ४८७ लटकत्या दोऱ्या, १४ रंग, सगळं जनावरांच्या केसांचं: विकुन्या, अल्पाका, ग्वानाको (तिन्ही लामाचे भाऊबंद), लामा, हरीण आणि विस्काचा (हा सशासारखा दिसणारा एक प्राणी). गंमत म्हणजे यांच्यावर आकड्यांच्या गाठी जवळपास नाहीतच. गावकऱ्यांनी बाईंना सांगितलं की हातमोजे काढा आणि बोटांनी चाचपा, कोणत्या जनावराचा केस आहे ते नुसतं बघून कळत नाही. रंग, केसाचा प्रकार आणि पिळाची दिशा धरून हायलंडनी ९५ वेगवेगळी चिन्हं मोजली. ९५ हा आकडा आकड्यांच्या पद्धतीला फार जास्त आहे, आणि जिथे काही चिन्हं उच्चाराची आणि काही शब्दांची असतात अशा लिप्यांना शोभण्यासारखा आहे. गावातली परंपरा सांगते की ही अठराव्या शतकातल्या एका लढाईच्या वेळची पत्रं आहेत.

दुर्बीण
मागावरची +१. पण एक पाचर मारतो. कोयाताचे किपू स्पॅनिश लोक आल्यावर दोनशे वर्षांनंतरचे, तोवर या लोकांनी कागद आणि अक्षरं पाहिली होती. त्यामुळे 'इंका असंच लिहायचे' असं त्यावरून सरळ म्हणता येत नाही, हायलंडही तसं ठामपणे म्हणत नाहीत. त्यांनी किपूंच्या शेवटच्या तीन दोऱ्यांत घराण्यांची नावं असावीत असं मांडलं, तो अंदाज आहे, वाचन नाही.

आता हार्वर्डच्या पोराबद्दल. मॅनी मेद्रानो तेव्हा खरंच कॉलेजात होता, आणि अर्टनबरोबरचा त्याचा लेख २०१८ मध्ये आला. सांता नदीच्या खोऱ्यातले सहा किपू आणि त्याच भागातली १६७० ची स्पॅनिश करदात्यांची यादी त्यांनी शेजारी ठेवली. यादीत १३२ माणसं, किपूंवर दोऱ्यांचे साधारण तेवढेच गट, कराचे आकडेही बऱ्यापैकी बसतात. मग त्यांनी सुचवलं की दोरी पुढून अडकवली की मागून यावरून माणूस समाजाच्या कोणत्या अर्ध्या भागातला ते कळत असावं, आणि रंगाचा संबंध कदाचित नावाशी असावा. काम भारी आहे, पण 'लिपी फोडली' हे व्हिडिओवाल्याचं. एका खोऱ्यातल्या सहा किपूंची एका कागदाशी जोडी लागली, एवढंच झालंय.

मला जे सांगायचंय ते हेच, की अडतंय ते हुशारीपाशी नाही, जोडी लागण्यापाशी. हजाराच्या वर किपू शिल्लक आहेत, सगळ्यात मोठा साठा बर्लिनच्या म्युझियममध्ये, पण त्यातले बहुतेक थडग्यांमधून उकरून विकले गेलेले. कुठल्या गावचे, कोणाच्या शेजारी सापडले, काही पत्ता नाही. असा किपू कितीही मोजा, फक्त आकडे हाती लागणार. याउलट लिमाच्या दक्षिणेला इंकावासीच्या कोठारात उत्खनन करताना किपू सापडले ते शेंगदाणे आणि मिरच्यांबरोबर, जागच्या जागी. तिथे निदान मोजलंय काय हे तरी समजतं. (दोन्ही पिकं अमेरिका खंडांतूनच आपल्याकडे आली, ठेचा खाताना आठवण ठेवा.)

आणि तुपिकोचा. फ्रँक सॅलोमन या अभ्यासकानं या गावात राहून काम केलं. तिथे आयू म्हणजे भावकीसारखे गट, आणि प्रत्येकाकडे वंशपरंपरेनं आलेला किपू. दर जानेवारीत गावसभा भरते तेव्हा नव्या कारभाऱ्यांच्या अंगावर तो आडवा चढवतात. वाचता आज कुणालाच येत नाही. पण तो गावाच्या कारभारात अजून आहे, म्हणून तो कशासाठी होता हे विचारायला माणसं तरी आहेत. बर्लिनच्या कपाटाला काय विचारणार?

भटका_जीव
वा, भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. एक उपप्रश्न: हे बनवणारे सगळे राजदरबारचे अधिकारीच का? सगळीकडे तोच उल्लेख दिसतो.

मागावरची
स्पॅनिश लिखाणात तसंच येतं, पण २०२५ मध्ये हायलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आलाय. एका किपूची मुख्य दोरी चक्क माणसाच्या केसांची निघाली, एक मीटरहून लांब, म्हणजे आठ-नऊ वर्षांची वाढ. काळ १५०० च्या आसपासचा, म्हणजे स्पॅनिश लोक यायच्या आधीचा. केसांची रासायनिक तपासणी केल्यावर कळलं की तो माणूस मांस आणि मका फार कमी खायचा, कंदमुळं आणि भाजीपाला जास्त. बड्या लोकांच्या ताटात मांस असायचं आणि मक्याची दारू तर हवीच, त्यामुळे हा साधा माणूस असणार. केस म्हणजे बनवणाऱ्याची सहीच, असं लेखकांचं म्हणणं. ते मला पटतंय, पण केस दुसऱ्या कुणाचेही असू शकतात हेही आहेच.

खवचट_खंडू
दूधवाल्याबद्दलचं विधान तूर्त स्थगित. पिळाचं काही वाचायला मिळालं तर इथेच टाका.