न्यूक्लिअर थिअरीत जायचंय, नाशिकहून पुढचा रस्ता कसा?

गोदाकाठ२१:
टीवाय बीएस्सी फिजिक्सला आहे, नाशिकलाच. शेल मॉडेल (अणुकेंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन थराथरांनी बसतात हे) शिकले तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ असले की केंद्रक जास्त घट्ट, पण हेच मॅजिक आकडे का? घरी सांगितलं तर बाबा म्हणाले म्हणजे एकलहऱ्याच्या वीज केंद्रासारखंच ना, फक्त कोळशाच्या जागी युरेनियम? आणि मलाही सांगता येईना की हे थिअरीवाले दिवसभर करतात काय. आहे का कोणी या लाइनमधलं?

जेलरोडकर:
मी आहे, पोस्टडॉकचं दुसरं वर्ष चालू. बाबांना सांग, भट्टीशी संबंध नाही. प्रोटॉन-न्यूट्रॉन एकमेकांना कसे धरून ठेवतात ते समीकरणात मांडायचं, त्याचं भलंमोठं मॅट्रिक्स कॉम्प्युटरवर सोडवायचं आणि आलेलं उत्तर प्रयोगाशी ताडायचं, बस. पीएचडीत माझा कोड ऑक्सिजन-१६ ची बाइंडिंग एनर्जी (केंद्रक पूर्ण सुटं करायला लागणारी ऊर्जा) भलतीच देत होता, यायला हवी १२७.६ एमईव्ही, तीन आठवडे झोप नाही, आणि निघालं काय तर एक मायनस! दोन पुस्तकांत फेज कन्व्हेन्शन, म्हणजे अधिक-उणे चिन्हांचा संकेत, वेगळं आणि मी अर्धं सूत्र यातलं अर्धं त्यातलं घेतलेलं. आता आधी हातानेच करून बघते.

आणि तुझे आकडे. १९४९ मध्ये मेयर आणि येन्सेन यांनी स्पिन-ऑर्बिट (कणाचा स्पिन आणि त्याची कक्षा यांचा एकमेकांवरचा परिणाम) घालून ते काढले, पण न्यूट्रॉन खूप वाढले की ते सगळीकडे टिकत नाहीत गं! ऑक्सिजन-२८ म्हणजे ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन, दोन्ही मॅजिक, घट्ट असायला हवा, पण २०२३ मध्ये जपानच्या रिकेन संशोधन संस्थेत दिसला तर लगेच चार न्यूट्रॉन टाकून ऑक्सिजन-२४ झाला. हे असं का होतं यावरच माझं काम आहे.

चॉक_डस्टर:
एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा दे, मग पीएचडीसाठी जेस्ट, नेट, आणि टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची स्वतःची परीक्षा. क्वांटम आणि लिनिअर अल्जेब्रा पक्कं कर, पायथन आत्ताच सुरू कर. जमलं तर विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून ये, ४५ मीटरच्या ३० डिश. तिथे जे पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणारे तारे) ऐकतात ते न्यूट्रॉन तारेच, त्यांच्या पोटातला दाब न्यूक्लिअर थिअरीतूनच काढावा लागतो.

गोदाकाठ२१:
थँक्यू ताई, थँक्यू सर, बाबांना सगळं वाचून दाखवलं, खोडदला तेच नेणार म्हणाले. ताई, मग ऑक्सिजन-२८ मध्ये २० नंतरचा ऊर्जेचा गॅप पूर्ण मिटतो की नुसता आकसतो?