उरलेलं इंधन उपग्रह पाडण्यात का घालवायचं?

बार्देशकर (म्हापसा)

इस्रोला नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही, हे आधीच सांगतो. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे.

मेघा-ट्रॉपिक्स हा भारत आणि फ्रान्सचा हवामान उपग्रह ऑक्टोबर २०११ मध्ये वर गेला. तीन वर्षांसाठी बनवलेला, पण २०२१ पर्यंत माहिती देत राहिला. काम थांबलं तेव्हा टाकीत सुमारे १२५ किलो इंधन शिल्लक होतं. त्याचं आपण काय केलं? ऑगस्ट २०२२ पासून ते थोडं थोडं जाळत कक्षा खाली आणली आणि ७ मार्च २०२३ ला उपग्रह पॅसिफिकवर पाडला. जमिनीची छायाचित्रं घेणाऱ्या कार्टोसॅट-२ चीही तीच गत. त्याच्याकडे २६ किलो उरलं होतं, ते खर्चून ६३५ किमीवरून ३८० किमीवर आणला आणि १४ फेब्रुवारी २०२४ ला तो हिंदी महासागरावर जळाला. आता २०३० पर्यंत सगळ्या मोहिमा कचरामुक्त करायचं, म्हणजे वर मेलेले उपग्रह नि तुकडे न सोडायचं ध्येय आहे म्हणे.

अहो, विरळ का होईना, वर हवा आहेच. तिच्या घर्षणाने उपग्रह खाली येतोच. १९७५ चा आर्यभट १९९२ मध्ये पडला, त्याला कोणी पाडायला गेलं नव्हतं. मग इंधन आहे तोवर राबवून घ्या, पुढचं देवाच्या हवाली. आमच्या मालिम जेटीवरचे ट्रॉलरवाले उपग्रहाच्या माहितीवर मासळीचा माग काढतात. त्यांना आणखी एक वर्ष मिळालं तर नको आहे का? अमेरिका-रशियाने साठ वर्षं वर घाण केली आणि सोवळं मात्र आपण पाळायचं!

सडेकर (वास्को)

असहमत. बार्देशकरबाब, खाली येतो हे खरं, पण किती उंचीवरून ते तुम्ही सांगितलंच नाही. सगळा हिशेब तिथेच आहे. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोडलेला पहिला स्पुटनिक तीन महिन्यांत जळाला. त्याच्या उड्डाणानंतर पाचेक महिन्यांनी अमेरिकेने सोडलेला व्हॅनगार्ड-१ अजून वर फिरतोय, कारण तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हाही साडेसहाशे किमीच्या आसपास असतो. आर्यभट सहाशेच्या आतबाहेर होता, त्याला सतरा वर्षं लागली. कार्टोसॅट-२ तसाच सोडला असता तर अंदाजे तीस वर्षं, आणि ८६७ किमीवरच्या मेघा-ट्रॉपिक्सला शंभराहून जास्त.

ते १२५ किलो म्हणजे बचत खात्यातली शिल्लक नव्हे. मेलेल्या उपग्रहात इंधन तसंच राहिलं तर टाकी कधीतरी फुटू शकते, आणि मग एका उपग्रहाचे शेकडो तुकडे होतात. टाकी रिकामी करायचीच होती, तर तेच इंधन खाली आणायला वापरलं. यात वाया काय गेलं?

मालिमकर

जेटीचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. मी बार्देशकरांच्या बाजूचा, पण कारण वेगळं. मासळीचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राकडून येतो. समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि पाण्यातला हिरवा अंश पाहून ते सांगतात, अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीत जा. ढग आले की अंदाज बंद. जून-जुलैत तर मासेमारीला बंदीच, तेव्हा अंदाज असला काय नि नसला काय. राहिलेल्या दिवसांत मात्र डिझेल वाचतं, हे कोणी नाकारू नये.

माझी तक्रार एवढीच की नवे उपग्रह वेळेवर जात नाहीत. समुद्र पाहणारा ओशनसॅट-२ वर गेला सप्टेंबर २००९ मध्ये आणि ओशनसॅट-३ नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधली तेरा वर्षं मोजा. जुन्याला शेवटच्या थेंबापर्यंत राबवायचं नाही तर काय करायचं?

बाई (फोंडा)

मालिमकर, तुमचा मुद्दा पटतो, पण शेवटच्या थेंबापर्यंत म्हणजे काय ते बघू या. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पृथ्वीवर नजर ठेवणारे बरेचसे उपग्रह असे फिरतात की कुठल्याही ठिकाणावरून जाताना तिथली घड्याळातली वेळ रोज जवळपास तीच असावी. आज सकाळी साडेदहाचं चित्र आणि उद्या दुपारी तीनचं असं झालं तर सावल्या बदलतात, ऊन बदलतं, तुलना करता येत नाही. हे साधायला उपग्रहाच्या कक्षेचं प्रतल, म्हणजे ती कक्षा ज्या सपाट पातळीत आहे ती, रोज सुमारे एक अंश वळावं लागतं, म्हणजे वर्षभरात ते सूर्याबरोबर पूर्ण फेरी मारतं. गंमत अशी की हे वळवायला इंधन लागत नाही. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, तिचा तिथला व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किमीने जास्त. त्या फुगवट्याच्या ओढीने प्रतल आपसूक वळतं. फक्त कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी तिचा कोन, बरोबर ठेवावा लागतो, साधारण ९८ अंश.

हा कलच टिकत नाही. सूर्याच्या ओढीने तो हळूहळू बदलतो, मग वळण्याचा वेग चुकतो आणि वेळ सरकू लागते, आधी मिनिटांनी, मग तासांनी. ती जागेवर ठेवायला इंधन लागतं. नासाचा पृथ्वी पाहणारा उपग्रह टेरा १९९९ पासून सकाळी साडेदहाचा होता. २०२० नंतर त्याचा कल सुधारणं थांबवलं, तेव्हापासून त्याची वेळ साडेदहाच्या आधी आधी सरकत गेली. नासाचाच दुपारी दीडचा अ‍ॅक्वा उलट उशिराकडे सरकला. म्हणजे उपग्रह पडायच्या कितीतरी आधी त्याचं काम बिघडायला लागतं.

बार्देशकर (म्हापसा)

बाई, तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत! वेळ सरकली तरी नासाने टेरा बंद केला नाही. शास्त्रज्ञ त्याची माहिती वापरतच राहिले. यालाच राबवणं म्हणतात.

बाई (फोंडा)

पुढचं ऐका. तो ज्या उंचीवर फिरायचा तिथे एका रांगेत बाकीचे उपग्रहही होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेराला काही किमी खाली घेऊन त्या रांगेतून बाजूला काढला, आणि मग पुढे काम करू दिलं. त्यासाठी इंधन राखून ठेवलं होतं म्हणूनच हे जमलं. तुमच्या हिशेबाने ते आधीच उडवलं असतं, मग बाजूला कशाने काढणार होतात?

दुर्बीणवाला (पणजी)

सगळे खालच्याच कक्षांबद्दल बोलताहेत. टीव्हीचे आणि दळणवळणाचे उपग्रह ३५,७८६ किमीवर असतात. तिथे हवेचं नावही नाही, त्यामुळे ते कधीच पडत नाहीत. पण ते एका जागीही राहत नाहीत. चंद्र-सूर्य त्यांना उत्तर-दक्षिण झुलवतात. शिवाय विषुववृत्त काही पुरतं गोल नाही, म्हणून ते पूर्व-पश्चिमही सरकतात. सोडून दिलेले काही तर वाटीतल्या गोटीसारखे एका बिंदूभोवती मागेपुढे होत राहतात. हा बिंदू कुठे आहे? साधारण ७५ अंश पूर्व, म्हणजे धारवाड-हुबळीच्या रेखांशावर. आपल्या पणजीपासून जेमतेम सव्वा अंश! आपल्या शेजारच्या या आभाळात मेलेल्या उपग्रहांची वर्दळ असते आणि चालू उपग्रहांना त्यातून जपून राहावं लागतं.

म्हणून निवृत्तीच्या वेळी त्यांना तीनेकशे किमी आणखी वर ढकलतात. इन्सॅट-४बी जानेवारी २०२२ मध्ये असाच वर नेला. याला लागणारं इंधन म्हणजे त्या उपग्रहाला जागेवर ठेवायला साधारण तीन महिन्यांत लागतं तेवढं. पंधरा वर्षांच्या नोकरीत तीन महिने, एवढाच सौदा आहे. मालिमकर, यात तुमचं वर्ष जात नाही.

आगोंदचा

देवाच्या हवाली म्हणणाऱ्यांनी लाडबोरी आठवावी. चंद्रपूर जिल्हा, २ एप्रिल २०२२ ची रात्र, गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. कोणाला लागलं नाही हे नशीब.

बार्देशकर (म्हापसा)

ते चिनी रॉकेटचं होतं. आपलं नव्हे.

आगोंदचा

डोक्यात पडणाऱ्या कड्यावरचा शिक्का कोण वाचत बसणार?

सडेकर (वास्को)

आणि देवाच्या हवाली म्हणजे प्रत्यक्षात सूर्याच्या हवाली. सूर्य खवळला की वरची हवा तापून फुगते, घर्षण वाढतं आणि सगळे अंदाज कोलमडतात. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा १९७९ च्या जुलैत पडली ती अशीच. शटल यान जाऊन तिला वर उचलणार होतं, पण सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापला आणि शटलचं पहिलं उड्डाण १९८१ मध्ये झालं. तुकडे पडले पश्चिम ऑस्ट्रेलियात, घाबरले इकडचे लोक. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२२ मध्ये, सुमारे २१० किमीवर सोडलेल्या ४९ स्टारलिंक इंटरनेट उपग्रहांपैकी चाळीसपर्यंत एका सौर वादळात हातचे गेले. कधी पडणार आणि कुठे पडणार हे नेमकं कोणी सांगू शकत नाही. मेघा-ट्रॉपिक्स मात्र पॅसिफिकवर ठरवलेल्या जागी पडला. त्या १२५ किलोंनी हेच विकत घेतलं.

राबवून घेण्याचा शेवट बघायचा असेल तर युरोपचा पृथ्वी पाहणारा उपग्रह एन्व्हिसॅट बघा. आठ टनांचं धूड, २००२ मध्ये सोडलेलं, पाच वर्षांसाठी. दहा वर्षं राबवला. एप्रिल २०१२ मध्ये एके दिवशी अचानक गप्प झाला, तो कायमचा. टाकीत इंधन होतं, पण आज्ञा ऐकणारं कोणी नव्हतं. सुमारे ७७० किमीवर अजून फिरतोय आणि दीडेकशे वर्षं फिरेल असा अंदाज आहे.

बार्देशकर (म्हापसा)

पाच वर्षांच्या पैशात दहा वर्षं काम झालं. मला तर हा सौदा वाईट वाटत नाही.

सडेकर (वास्को)

स्वस्त त्यांना पडला. त्या उंचीवरून जाणाऱ्या बाकीच्यांनी त्याला चुकवायला स्वतःचं इंधन जाळायचं आणि बिल त्यांच्याच नावावर. २००९ मध्ये ७८९ किमीवर रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस उपग्रह आणि अमेरिकेचा चालू इरिडियम उपग्रह एकमेकांवर आदळले, दोन हजारांच्या वर तुकडे झाले. तसं एन्व्हिसॅटचं झालं तर? उद्या तुमचा ओशनसॅट ७२० किमीवर त्याच तुकड्यांतून वाट काढत असेल, मग मालिमच्या डिझेलचं काय ते बोला.

मालिमकर

एन्व्हिसॅट राहू द्या, मला एक व्यवहाराची गोष्ट मान्य होईल. पाडायला किती किलो राखलं ते उपग्रह उडवतानाच जाहीर करा, आणि त्याच कागदावर त्याच्या जागी येणाऱ्या उपग्रहाची तारीख लिहा. तारीख पाळलीत तर जुना खुशाल पाडा. ओशनसॅट-३ नंतरचा कधी जाणार हे इथे कोणाला पक्कं ठाऊक असेल तर तेवढं टाका.