जपानला दहा दिवस मुलं नेणं: सहल की देवाणघेवाण?

कात्रजकर
"शाळेतली मुलं दहा दिवस जपानला नेणं ही पालकांच्या पैशाची सहल आहे, त्यापेक्षा ऑनलाइन भेटी करा," असं परवा या मंचावर एका सभासदाने लिहिलं आणि त्यावर वाहवा झाली. मला हे अजिबात मान्य नाही. दहा दिवस पुरतात. घोळ होतो तो परतभेट, म्हणजे तिकडच्या मुलांचं आपल्याकडे येणं, आधी न ठरवल्यामुळे. मे महिन्यात आपली मुलं मोकळी असतात. तिकडे पहिल्या आठवड्यातल्या सुट्ट्या सरल्या की शाळा जोरात चालू असते, त्यामुळे वर्गात बसायला मिळतं. त्यांची उन्हाळी सुट्टी साधारण 20 जुलै ते ऑगस्टअखेर, तेव्हा आपले वर्ग भरलेले. इतका सरळ मेळ बसत असताना परतभेटीची तारीख करारात का नसते?

दुसरं, हे संबंध एप्रिलमध्ये तुटतात. तिकडचं शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या बदल्या मार्चअखेर जाहीर होतात. ज्या शिक्षकाशी वर्षभर मेल चालले तो दुसऱ्या शाळेत, आणि नव्याला काहीच ठाऊक नाही. म्हणून पत्र शिक्षकाच्या नावे नको. तिकडच्या शहराचं शिक्षण मंडळ आणि तिथली आंतरराष्ट्रीय मैत्री संस्था यांच्या नावे पाठवा, मुख्याध्यापकांना प्रत. मुंबई-योकोहामा मैत्री 1965 ची, सिंहगड रोडवरचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान 2006 चं. ही नाती टिकली, कारण ती कार्यालयांमध्ये आहेत, एका माणसाच्या मेलबॉक्समध्ये नाहीत.

मुळाकाठ
तो सभासद मीच. वीस मुलं नेता म्हणजे ज्यांना तिकीट परवडतं तीच वीस. बाकीच्या वर्गाने सभागृहात बसून फोटो बघायचे. ऑनलाइनमध्ये सगळा वर्ग येतो. जपान साडेतीन तास पुढे. आपले सकाळचे 10 ते 11.30 म्हणजे तिकडचे दीड ते तीन, जेवणानंतरचे तास. त्यानंतर शाळेची साफसफाई आणि खेळ-छंदांचे क्लब, मग मुलं हाती लागत नाहीत. चाळीस जण एका पडद्यासमोर बसवले तर दोन धीट मुलं बोलतात, बाकीची हात हलवतात. चार-चारचे गट करा, जोडीदार तेच ठेवा, सलग सहा आठवडे चालवा. विषय आठवडाभर आधी पाठवा, कारण इंग्रजी दोन्हीकडची बेताची.

रानमेवा
तुम्ही दोघंही जेवणावर बोलतच नाही. अर्जावर पालक नुसतं 'शाकाहारी' लिहितात आणि यजमान घर प्रेमाने मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप) वाढतं. त्यातली दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाची. अर्जावर सुटं सुटं लिहा: मांस नाही, मासा नाही, माशाची दाशी नाही, अंडं चालतं की नाही, दूध चालतं.

कोकणकडा
दहा दिवसांसाठी एवढे चोचले? ज्या घरी राहायचं त्या घरचं खायचं. बहुतेक ठिकाणी यजमान एक पैसा न घेता मुलं ठेवून घेतात. त्या माउलीने रोज दोन स्वयंपाक करायचे का? जमत नसेल तर पाठवू नका.

रानमेवा
'चोचले' मागे घ्या. तेरा वर्षांच्या मुलीला न सांगता मासा खाऊ घालणं हा पाहुणचार नव्हे. आणि दोन स्वयंपाक कोण मागतंय? लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम कोंबू शेवाळ रात्री फ्रिजमध्ये भिजत घाला, सकाळी काढून टाका, झाली दाशी. सगळं घर खाऊ शकतं. फसगत होते ती तयार पाकिटांत. करीचा रस्सा करायच्या तयार वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी, नूडल्सच्या तयार रसात बोनितो, इनारीचा (भात भरलेल्या पिशवीचा) तळलेला तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, दाशीत शिजवलेला. कोया-दोफूबरोबर (गोठवून वाळवलेल्या तोफूबरोबर) मिळणाऱ्या मसाल्याच्या पुडीतसुद्धा मासा निघतो. उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) ओनिगिरीतही, म्हणजे भाताच्या गोळ्यातही, कधी कधी बोनितो असतो. नुसत्या मिठाची मागा. पाकिटावर ॲलर्जीचे पदार्थ ठळक दिसतात, पण बोनितोची गणना त्यांत नाही, म्हणून घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. जपानच्या वाकायामा प्रांताशी महाराष्ट्राचा 2013 पासून करार आहे, आणि तिथल्याच कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठांत मांस-मासा-कांदा-लसूण काहीही नसलेलं जेवण शतकानुशतकं रांधलं जातंय. जपानी स्वयंपाकात हे बसत नाही असं कुणी सांगू नये.

कोकणकडा
कोंबूचं ठीक, पटलं. पण ती यादी यजमानांना विमान उतरल्यावर देऊ नका, महिनाभर आधी जपानीत द्या. 'पाठवू नका' हे माझं मत, जे पालक हे करणार नाहीत त्यांच्यापुरतं कायम.

कात्रजकर
धागा स्वयंपाकघरात गेला, पण ऑनलाइनचं उत्तर त्यातच आहे. आंघोळीचं बघा. बाहेर बसून साबण लावायचा, अंग स्वच्छ धुवायचं, मगच टबात उतरायचं, आणि निघताना बूच काढायचं नाही, कारण तेच पाणी पुढच्यासाठी. वर झाकण ठेवायचं. पाहुण्याला पहिला मान देतात. मुलाने सवयीने पाणी सोडलं की मागची चार माणसं खोळंबतात. अशा घरात राहणं पडद्यावर कसं येणार? तुमचे सहा आठवडे जाण्याआधी ठेवा, एवढं मान्य करतो. आणि पैशाचं उत्तर परतभेटीतच आहे: पाहुणी मुलं न गेलेल्या मुलांच्या घरी उतरवा.

मुळाकाठ
दोन खोल्यांच्या घरात? पाहुण्यांच्या बाजूने वेगळी झोपायची जागा आणि कमोड मागितला तर तीच मुलं पुन्हा बाद.

कात्रजकर
मग रात्र दुसरीकडे, दिवस त्यांच्याकडे: सकाळी नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत, दोन पाहुणे एका घरी. ऑगस्टात आपल्याकडे पाऊस, म्हणून पाणी उकळलेलं किंवा सीलबंद, दात घासायलासुद्धा तेच.

मुळाकाठ
हे करारात लिहून घेणार असाल तर माझा विरोध अर्धा. उरलेला अर्धा तिकिटाच्या पैशावर आहे. वीसपैकी पाच जागांचा खर्च शाळेने उचलावा, आणि ती पाच मुलं चिठ्ठ्या टाकून निवडावीत.