परकीय भागीदारीतील संयुक्त उपक्रमांच्या अभ्यासासाठी साधने सुचवावीत

कोल्हापूरचा_प्राध्यापक: परकीय गुंतवणूक व संयुक्त उपक्रम हा माझा संशोधनाचा विषय असून, वाहन उद्योगातील अशा भागीदाऱ्या का मोडल्या किंवा का टिकल्या, याचा तौलनिक अभ्यास मी हाती घेतला आहे. वर्तमानपत्रांतील कात्रणे पुष्कळ जमली, परंतु त्यांत दोन्ही पक्षांची गुळगुळीत निवेदनेच अधिक आहेत आणि मूळ करार खासगी असल्याने पाहायला मिळत नाही. उपक्रम कोणते निवडावेत व आतील अटी कोठे शोधाव्यात, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सही_शिक्का: सर, मी कंपनी सचिव आहे. करार मिळत नसला तरी कंपनीचे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन, म्हणजे तिची अंतर्गत नियमावली, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. रंगराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, समभाग हस्तांतरावरील जो निर्बंध आर्टिकल्समध्ये नाही, तो कंपनीवर व भागधारकांवर बंधनकारक ठरत नाही. म्हणूनच संचालक कोणी किती नेमायचे, कोणत्या ठरावाला दोघांचीही संमती लागते आणि हिस्सा विकायचा झाल्यास तो आधी कोणाला देऊ करायचा, ही कलमे तेथे बहुधा सापडतात. ती केव्हा व कशी बदलली, हे क्रमाने मांडल्यास कात्रणांपेक्षा कितीतरी अधिक हाती लागेल.

दुसरे साधन म्हणजे न्यायनिर्णय. क्षेत्र वेगळे (दूरसंचार) असले तरी टाटा आणि जपानी कंपनी डोकोमो यांचे प्रकरण जरूर वाचा. बाहेर पडताना डोकोमोला मूळ किमतीच्या किमान ५० टक्के मिळावेत अशी तरतूद होती, रिझर्व्ह बँकेने त्या दराला परवानगी नाकारली, लंडनच्या लवादाने २०१६ मध्ये सुमारे ११७ कोटी डॉलरचा निवाडा दिला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो अंमलबजावणीयोग्य ठरवला. एरवी तिजोरीत राहणारी कलमे त्या निकालपत्रात उद्धृत झालेली आहेत.

भोसरी_एमआयडीसी: निवडीबाबत माझे मत असे की, मोडणे म्हणजे अपयश असे गृहीत धरू नये. महिंद्र–रेनॉ भागीदारी (५१:४९) २०१० मध्ये संपली, पण नाशिकला तयार होणारी लोगन मोटार पुढे व्हेरिटो या नावाने विकली गेली. याउलट रांजणगावच्या टाटा–फियाट उपक्रमात विक्रीची व्यवस्था २०१२ मध्ये वेगळी झाली, तरी उत्पादनातील निम्मी-निम्मी भागीदारी चालू राहिली. ही जोडी शेजारी ठेवून पाहा. कायनेटिक होंडा (१९८४–१९९८) आणि हिरो होंडा (१९८४, विभक्त होण्याचा निर्णय डिसेंबर २०१०) यांचीही तुलना करता येईल, परंतु तेथे केंद्र सरकारची १९९८ ची प्रेस नोट १८ विसरू नका. त्याच क्षेत्रात नवा उपक्रम काढू पाहणाऱ्या परदेशी भागीदारावर तिने निर्बंध घातले होते. २००५ मध्ये ते सैल झाले आणि २०११ मध्ये उठले. त्याआधीच्या व नंतरच्या विभक्तींना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

आकडेमोड: राज्यनिहाय गुंतवणुकीचे आकडे जपून वापरा. पूर्वी ते रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयांनुसार नोंदले जात, त्यामुळे मुंबईच्या आकड्यात दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही येत. शिवाय मॉरिशसमार्गे आलेल्या पैशाचा खरा मालक तिसऱ्याच देशातला असू शकतो.

कोल्हापूरचा_प्राध्यापक: आभारी आहे. महिंद्र–रेनॉ आणि टाटा–फियाट ही जोडी निश्चित करतो व प्रथम दोन्हींचे आर्टिकल्स मागवतो. आर्टिकल्समधील जुन्या दुरुस्त्यांच्या प्रती मिळण्यात अडचण येते का, हे सही_शिक्का यांनी कृपया सांगावे.

सही_शिक्का: ऑनलाइन नोंदणीपूर्वीच्या, म्हणजे साधारण २००६ च्या आधीच्या कागदांचे स्कॅन कधी अपुरे, तर कधी अस्पष्ट असते; महिंद्र–रेनॉ उपक्रम २००५ चा असल्याने त्याच्या सुरुवातीच्या कागदांबाबत ही अडचण येऊ शकते, पण दोन्हींच्या नंतरच्या दुरुस्त्यांबाबत फारशी अडचण येऊ नये.